अठरा मीटर रस्त्याची सरकवलेली रेघ

मी, सयाजी नाना कणसे, वय ७६, धंदा निवृत्त अनुरेखक (सरकारी नकाशे काढणारा), राहणार कराड, हे लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दबाव आणलेला नाही. उलट हे लिहू नका म्हणून दबाव आला, तो मी मानला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी पत्नी बनुबाई दोन हजार बावीस साली वारली. वारस दोन. मुलगा विश्वजीत, पुण्यास नोकरी. मुलगी संयोगिता, माधवनगरला शिक्षिका. या कामाची व्यवस्थापक म्हणून मी संयोगिताला नेमतो, कारण ती मला प्रश्न विचारते.

२. कराडचे राहते घर व बँकेतील ठेव दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. घरातील शिलाई मशीन मात्र संयोगिताचे. तिच्या आईने तसे सांगितले होते.

३. नकाशे काढण्याचे माझे टेबल, पट्ट्या, गुण्ये व शाईची पेने नात उत्कर्षा हिला द्यावीत. ती इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणते, आता सगळे संगणकावर होते. होत असेल. तरी कागदावर जे कोरे दिसते तिथे एकदा पायी जाऊन यावे, एवढे तिने ऐकावे.

४. मौजे येरळगाव येथील बावीस गुंठे जमीन मी १९८८ साली माझ्या पगारातून, खूष खरेदीने घेतली. ती वडिलोपार्जित नाही, म्हणून तिची विल्हेवाट लावण्याचा अधिकार माझा एकट्याचा आहे. ती जमीन मी कोणास देत आहे हे सांगण्याआधी का देत आहे ते सांगणे भाग आहे.

१९९३ साली येरळगावची हद्द वाढली आणि नवा विकास आराखडा करायचे ठरले. ज्या कार्यालयात मी नोकरीस होतो त्याचे नाव लिहीत नाही, कारण लबाडी कार्यालयाची नव्हती, माझी होती. (कच्च्या मसुद्यात मी ‘चूक’ लिहिले होते. संयोगिताने वाचून विचारले, “बाबा, चूक म्हणजे नकळत होते ती ना?” म्हणून शब्द बदलला.) गावाबाहेरून जाणारा अठरा मीटरचा रस्ता मूळ आखणीत माझ्या बावीस गुंठ्यांतून व माझा भाऊ आप्पासो याच्या शेजारच्या रानातून जात होता. मी तो कागदावर दीड सेंटिमीटर पूर्वेला सरकवला. जमिनीवर ते साठ मीटर भरतात. साहेबांचा माझ्यावर विश्वास होता. त्यांनी न तपासता सही केली.

पूर्वेला माळावर धनगरांची अकरा घरे होती. तीन पिढ्यांची वस्ती, पण सातबाऱ्यावर नाव नाही. मी ती घरे नकाशात दाखवलीच नाहीत. तिथे ‘पडीक’ असे सुबक अक्षरात लिहिले. हरकतींची नोटीस जानेवारीत पेपरात आली. दिवाळीनंतर ही माणसे मेंढरे घेऊन बाहेर पडतात आणि मृगाला परततात, हे मला ठाऊक होते. मुदत संपली तेव्हा एकही हरकत आली नव्हती.

२००४ साली रस्त्याचे काम निघाले. आखणी दाखवायला मलाच पाठवले. धुळा बिरू कोळेकर यांचे घर पहिले पडले. त्यांची बायको हरणाबाई भांडी बाहेर काढत होती. तिने मला विचारले, “सायेब, ही रेघ हितंच कशी पडली वं?”

मी म्हणालो, “सरकारनं पाडली.”

ती बरं म्हणाली आणि पुढची भांडी आणायला आत गेली. नुकसानभरपाई कोणालाच मिळाली नाही. काही घरे कराडला मजुरीला गेली, काही शिराळ्याकडे, आणि धुळाचे घर येरळगावात भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत.

बनुबाई गेल्यावर मी धुळाला शोधून काढले आणि सगळे सांगितले. तो म्हणाला, “सरकारचं काम म्हनून आमी सोडून दिलं हुतं. आता मानसाचं हाय म्हनल्यावर कसं सोडायचं?”

मी जमीन देऊ केली. त्याने घेतली नाही. माझ्या हातून काही नको, म्हणाला. बक्षीसपत्राचे कागद मी तीनदा नेले आणि तीनदा परत आणले. शेवटच्या खेपेला हरणाबाई दारापर्यंत आली व म्हणाली, “त्यास्नी ऱ्हाऊ द्या. पोरांच्या नावानं लिवून ठिवा. आन् का दिली ते बी लिवा.”

५. म्हणून सदर बावीस गुंठे मी त्या अकरा घरांतील आजच्या मुलामुलींना समान हिश्श्याने देतो. नावे सोबतच्या यादीत आहेत. पहिली दोन नावे धुळाची मुले धनाजी व स्वप्नाली यांची. जमीन विकावी की तिथे राहावे हे त्यांचे त्यांनी ठरवावे. मी पुन्हा त्यांच्या जागेवर आखणी करणार नाही. मूळ आखणीचा ट्रेसिंग कागद मी घरी जपून ठेवला होता. तो धनाजीस द्यावा. भरपाईसाठी दाद मागायची असल्यास उपयोगी पडेल. मी गेल्यावर माझी बदनामी होईल, ही विश्वजीतची तक्रार रास्त आहे. त्याने ती सोसावी.

६. भाऊ आप्पासो यास काही नाही. रस्ता बाजूने गेल्यावर त्याने रानाचे प्लॉट पाडले. रेघ सरकव म्हणून तो माझ्या दारात दोन दिवस बसला होता, आणि आज लोकांना सांगतो, मला काही आठवत नाही. वीस वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. सगळा दोष त्याच्यावर ढकलून बरे वाटत होते. पण पेन्सिल माझ्या हातात होती. त्याने माझ्या मातीला यावे. कोणी अडवू नये.

हे वाचून, समजून मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : कराड. दिनांक : २३ जून २०२५.
(सही) सयाजी नाना कणसे

साक्षीदार :
१. (सही) ज्ञानू रामू शेवाळे, शेजारी, कराड.
२. (सही) धुळा बिरू कोळेकर, येरळगाव. खालील ओळ स्वहस्ते :
सायबांनी सही करताना मी बगितलं. माजी साक्ष सहीची हाय. माफीची न्हाई.