ट्रकची कुंची

११ ऑक्टोबर
ऋचाने कॅनडात जुना डिझेल ट्रक घेतला. स्वतः चालवणार, गावोगाव भाजीपाला पोचवणार. इथली बँकेतली नोकरी सोडून पोरगी हे करतेय! तिच्या बाबाचं, अभयचं, एकच पालुपद — "एक थंडी पडू दे, येईल परत." मलाही तेच हवंय. पण तिला ट्रक मागे घेताना व्हिडिओवर पाहिलं आणि ऊर भरून आला. खोटं कशाला लिहू.

१४ ऑक्टोबर
तिकडे उणे तीसला डिझेल थिजतं. अभयला पटेना. खोबरेल तेलाची बाटली फ्रिजमध्ये ठेवली, संध्याकाळी त्याच्यासमोर उलटी धरली. थेंब पडला नाही. "बरं," म्हणाला.
हिवाळ्याचं वेगळं डिझेल मिळतं, ते ऋचा भरणार आहे. नवी बॅटरी घातली. इंजिन रात्रभर ऊबदार ठेवायला विजेवरचा हीटर आहे. राहिलं ट्रकचं नाक. समोरच्या जाळीतून गार वारा थेट आत शिरतो, तिथे जाड कापडाचं झाकण लावतात. तयार मिळतं म्हणे. घरात शिवणयंत्र असताना तयार कशाला घ्यायचं?

१९ ऑक्टोबर
लिटिल इंडियात, इथल्या आपल्या लोकांच्या बाजारात, ताडपत्रीचं कापड मिळालं. लिफ्टमध्ये शेजारच्या सुलेखाने विचारलं, सोफ्याला का? म्हटलं, नाही, ट्रकला थंडी वाजते.
अभय म्हणतो, "कुंची शिवतेस होय गं ट्रकला?" हो. बाळंतविडाच समज.

२३ ऑक्टोबर
झाली! दुहेरी शिवण, कडेला पितळी रिंगा, माप तंतोतंत. कॅमेऱ्यासमोर धरली तर ऋचा हसत सुटली. "आई, सगळंच बंद केलंस. इंजिन मस्ट ब्रीद, लाह. थंडीतसुद्धा तापेल ते."
इथल्या बोलीतलं 'लाह' काही सुटलं नाही तिचं. पण खरंय. तिला दुपट्यात गुंडाळायचे तेव्हा नाक उघडं ठेवायचेच की.

२४ ऑक्टोबर
उसवते आहे.

२८ ऑक्टोबर
आता चार खिडक्या, प्रत्येकीला झडप. थंडी वाढली की बटणं लावायची, उतरली की काढायची. बटणं अभयने ठोकून दिली, न सांगता. पार्सल गेलं.

२ डिसेंबर
उणे एकतीस. ट्रक पहिल्या फटक्यात सुरू! शेजाऱ्याचा नाही झाला, त्याचाही माल ऋचानेच पोचवला. कुंची कुठून आणलीस म्हणून तिघांनी विचारलं तिला. मी दिवसभर मान ताठ करून फिरले. अभयने ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवला म्हणे. एका थंडीत परत येईल म्हणणारा हाच.

३ डिसेंबर
तोच फोटो आज मोठा करून पाहिला. ट्रकच्या नाकातून हीटरची वायर निघालीय, घराच्या भिंतीवरच्या नव्याकोऱ्या प्लगपर्यंत. विचारलं, घरमालकाने बसवू दिला?
उत्तर आलं. "घरमालक मीच, आई. गेल्या महिन्यात घर घेतलं. बाबाला तू सांग ना."
कुंची जरा जास्तच पक्की शिवली मी.