नळीवरचं बोट

सोमवार
सारा वर्ग एका सुरात कविता म्हणू लागला की खिडक्यांची तावदानं थरथरायची. तो नाद आज दिवसभर कानांत आहे, कारण या वयात मला पुन्हा शिकवायला मिळालं. इथल्या इस्पितळात माझी भाची गळ्याच्या जखमांची डॉक्टर आहे. गाडीच्या हँडलचा, तारेचा मार गळ्यावर बसलेली माणसं तिच्याकडे येतात. श्वासनळी फाटली असेल तर तोंडातून आंधळेपणानं नळी सारायची नाही, म्हणाली. आधी नाकातून दुर्बीण घालून बघायचं. वेळ नसेल तर गळ्याला खाली भोक पाडून, त्यात नळी बसवून श्वासाला वाट करून द्यायची. सूज उतरली की रोगी त्या नळीच्या तोंडावर बोट ठेवतो आणि आवाज फुटतो. पण बोट ठेवायचा धीर होत नाही. तो मी द्यायचा, शाळेतल्या कविता म्हणवून घेऊन. घर खायला उठतं, त्यापेक्षा हे किती छान.

बुधवार
पहिला विद्यार्थी टेम्पोवाला. मी ओळ म्हणायची, त्यानं बोट ठेवून ती उचलायची. नदीची कविता अर्धी झाली. त्याची बायको आनंदानं रडली, मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. म्हणाली, हा यांचा आवाज नव्हे. सिस्टरनं मला चिडवलं, "मास्तर, ओठ न हलवता तुम्हीच बोलता की काय?" आवाज हुबेहूब माझा होता. सुजलेला गळा कसाही वाजतो, असं भाची म्हणाली. सगळे हसले. मीही.

शनिवार
टेम्पोवाला बरा होऊन घरी गेला. आज शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बोट ठेवलं. माझाच आवाज. मग शेजारच्या खाटेवरच्या सुतारानं ठेवलं, त्याचाही माझाच. माझा स्वतःचा मात्र बसलाय. चहा गिळवत नाही.

मंगळवार
भाचीनं माझा गळा चाचपला. कातडीखाली चुरचुर झाली, वाळक्या पानांवर पाय पडावा तशी. तिचा हात थांबला.
"मामा, गळा कोणी दाबला तुझा?"
कोणीच नाही गं. दुर्बिणीत दिसलं: आत काळंनिळं, स्वरयंत्राला तडा, हवा झिरपतेय. बोलायचं नाही, आडवं पडायचं नाही. आता त्याच वॉर्डात माझीही खाट.

बुधवार
सुतार आणि बाई कविता म्हणताहेत. मी हातानं नको नको म्हणतो. बाई रडतात, पण बोट नळीवरून निघत नाही. एक ओळ झाली की माझा एक श्वास जातो. आत घेताना शिट्टी वाजते. भाची म्हणाली, थांबायला नको, आत्ताच भोक पाडू. सामान आणायला धावली —

सुतार थांबला. बाईही. कविता तिथवरच शिकवलीय. उरलेल्या ओळी माझ्यापाशी आहेत तोवर मी — म्हणायच्या नाहीत. भाची येईपर्यंत तरी —

दार वाजलं. भाची नव्हे. टेम्पोवाला. जखम बुजलीय, तरी बोट तिथंच. माझ्या आवाजात, अगदी अदबीनं, "सर, पुढची ओळ?"

आणि माझे ओठ आपले आपण —