सम्राज्ञीचा पुसलेला मुलगा

१० नोव्हें. २००५, गुरुवार. महबूला, कुवेत
पुण्याच्या पुरवणीला चौथा लेख वेळेत गेला. जुलिया डोम्ना. सीरियातल्या पुजाऱ्याची मुलगी, रोमची सम्राज्ञी. थोरल्या मुलानं धाकट्याला तिच्या मिठीतच ठार करवलं. तिच्या हातालाही जखम. वर हुकूम: रडायचं नाही, हसत राहायचं. राहिली. पुढे त्याच थोरल्याचा पत्रव्यवहार सांभाळला.

संध्याकाळी मंडळाचं जेवण. नवीन आलेल्या जोश्यांनी यांना विचारलं, "मुलं किती?"
"एक मुलगी."
मी हसले. श्रीखंड वाढत राहिले.

१३ नोव्हें., रविवार
आमच्या अनयनं पुण्यात इंजिनियरिंग सोडून फोटोग्राफी धरली, तेव्हापासून घरात त्याचं नाव बंद. जूनपासून तिकडेच. सहा महिने कुवेतबाहेर राहिला की इकामा, इथं राहायचा परवाना, रद्द; म्हणून दर खेपेला तिकीट हेच पाठवायचे. आज विषय काढला.
"कोणाचं तिकीट?"
मी विषय तिथंच सोडला. माझाही इकामा यांच्याच नावावर.
रिया: "मॉम, जस्ट कॉल हिम!" तिला सोपं वाटतं.

१७ नोव्हें., गुरुवार
पाचवा लेख अडला. मेलेल्या मुलाचं नाव शिलालेखांतून खोडलं. कुटुंबाच्या चित्रातून चेहरा खरवडला. डोम्ना तिथंच, गळ्यात मोती. "बिचारी" लिहिलं, मग काढलं. जोश्यांसमोर निदान हसायचं तरी नव्हतं मी.

२० नोव्हें., रविवार
ट्रॅव्हलवाले इब्राहिमभाई, रत्नागिरीचे: "वहिनी, शुक्रवारची सीट धरलीय. साहेबांकडे मी तोंड उघडायचा नाही. पण हो की नाही, आज बोला."
हो म्हटलं.
मग अनयला फोन. "बाबांनी बोलावलंय?"
"हो."
"खरंच? काय म्हणाले?"
"ये म्हणाले."
त्याचा आवाज एकदम उजळला. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं.

२५ नोव्हें., शुक्रवार
सकाळपासून यांना सांगायचं म्हणते. पोहे झाले, पेपर झाला. विमान उतरायला तासभर उरला तेव्हा सांगितलं, माझ्या खोट्यासकट.
"माझ्या नावानं बोलावलंस?"
"हो."
 हे गाडीची किल्ली घेऊन निघाले. "मी येऊ?" दार ओढून गेले.
गाडी एअरपोर्टकडे वळली की समुद्राकडे, गॅलरीतून दिसलं नाही. टॅक्सी बोलावलीय. अनय बाहेर येईल आणि आधी बाबांनाच शोधेल.