वेल्लीरचं कुरण वर आलं त्याची हकीकत

ती. आत्या,

रडारची अँटेना, ती ओढायची घसरगाडी, बॅटरी गारठू नये म्हणून शिवलेली लोकरीची बंडी आणि कॉफीची पत्र्याची पेटी, हे सगळं मी स्वतःच्या हातांनी केलं आहे. आरंभीच नोंदवतो, कारण पुढे जे घडलं त्यात यांतल्या एकीचा हात आहे. तुझे गुडघे कसे आहेत? आकुरेरीच्या त्या वृद्धाश्रमात माशाचं सूप अजून पाणचटच देतात का? इकडे सगळं ठीक. मेंढ्या माझ्याहून ठीक.

हिमनदीने गिळलेलं आपलं जुनं शेत, वेल्लीर, सापडलं, असं मी तुला फोनवर सांगितलं (आणि तू ते भर जेवणघरात जाहीर केलंस, हे कळलं). तर त्याचं असं झालं. उपग्रहाला बर्फाची नुसती पाठ दिसते. पोटातलं ऐकायचं तर वर चढावंच लागतं. रडार खाली हाक घालतं, तळ ओ देतो, आणि ती ओ पडद्यावर रेघ होऊन उमटते. धुकं इतकं मऊ, की आम्ही पुढे चाललोय की जग मागे सरकतंय, कळेना. अशात एक रेघ आली. सपाट, शांत, संपता संपेना. इतकं सपाट काय असतं? कापलेलं कुरण! मला गवताचा वास आला. पणजोबांच्या आजीच्या गाई चरत होत्या. एकीने तर मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"ग्रीमूर, डोळे उघडे ठेवून झोपलास काय रे?" कोल्फिन्नाने विचारलं. (ही राजधानीहून आलेली हिमनद्यांची अभ्यासक. मुलगी गुणी, पण कॉफी करते ती मेंढ्यांना औषध म्हणून पाजावी अशी.) थांबलो. मागे लांब दोरावर बांधलेली पेटी ती ओढून घेऊ लागली, आणि आत्या, पडद्यावर कुरण वर यायला लागलं! पेटी जवळ, कुरण वर. पेटी आणखी जवळ, कुरण आणखी वर. गाई, गवताच्या गंजी, सगळा गोतावळा जणू कॉफीलाच निघाला होता.

"तुझं शेत भुकेलेलं दिसतंय," असं म्हणून तिने पेटीच्या झाकणावर टिचकी मारली.

हाकेला ओ देत होती ती माझी पेटी, दोरामुळे सतत तेवढ्याच अंतरावरून, म्हणून रेघ सपाट. (पत्रा उत्तम निवडला होता, त्यामुळे ओसुद्धा उत्तम.)

पेटी तिथेच सोडून पुन्हा फेरी मारली. तेव्हा फार खोलवरून, झोपेतल्या माणसाने हुंकार द्यावा तशी एक वाकडी रेघ आली. "दरी आहे," कोल्फिन्ना म्हणाली. "पण घर मागू नकोस हं. पडक्या भिंती आणि साधे धोंडे, रडारला सगळे सारखेच."

तेव्हा जेवणघरात सांग: दरी मिळाली, घर अजून मिळायचंय.

तुझा,
ग्रीमूर

ता. क. वेल्लीरच्या दारात उभं राहिलं की मध्यान्हीचा सूर्य कुठल्या सुळक्यावर यायचा आणि तिसऱ्या प्रहरचा कुठल्या, हे तुझी आजी तुला सांगायची ना? ते दोन सुळके आठव. दोन्हींवरून त्या त्या वेळच्या सूर्याच्या रोखाने दोन रेघा ओढल्या, की त्या जिथे मिळतील तिथे आपलं दार. हे आता तुझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. घाई करत नाही. (करतो.)

आणखी एक ता. क. ट्रॉम्सोचा एक गृहस्थ रडार विकत मागत होता, पेटीसकट. वसंतात मला तुझ्या सुळक्यांकडे जायचंय, म्हणून नाही म्हटलं. तीस लाख क्रोना देत होता.