चाळलेली माती

घोडेगाव, ता. आंबेगाव
५ नोव्हेंबर २०२४

ती. शीलाताईस,
धाकट्या सूरजचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर बोललो असतो तर तोंडातून भलतंच गेलं असतं, म्हणून कागद घेतला. गेणभाऊ टोमॅटो घेऊन नारायणगावला निघालेत, जाता जाता तुझ्या घरी देतील. माझ्या अक्षराला हसायचं तेवढं हसून घे.

भाऊबीज करून तू परत गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी सुट्टीला आलेली श्रेया जेवायच्या वेळी घरात सापडेना. रानात गेलो, तर पोरगी तिच्या आईच्या जांभळाच्या रोपापाशी. खुरप्याने खोदून रोपाची मुळं उघडी पाडलेली, आणि घरातली पिठाची चाळण घेऊन माती चाळत बसलेली. शेजारी पाण्याची बादली आणि तू दिलेलं लोहचुंबक. विचारलं तर म्हणाली, मिसळलेलं वेगळं करता येतं, आत्याने शाळेत शिकवलंय.

ताई, माझा हात उठला. अंजना गेली तेव्हा रक्षा नदीत सोडायची नाही, आपल्याच रानात मिसळून वर झाड लावायचं, हे आपण सगळ्यांनी ठरवलं होतं. वर्षभर ते रोप मी जिवापाड जपलंय. आता त्याची पानं मलूल झालीत आणि पोरगी माझ्याशी बोलत नाही. चौथीच्या पोरांना असलं काय शिकवता तुम्ही?

रागात जास्त लिहिलं असेल तर पोटात घाल. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
सूरज

वारूळवाडी
७ नोव्हेंबर

चि. सूरज यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अक्षराला हसणार होते, पण पत्र वाचून हसू आलं नाही. पोरीवर हात उचललास ते मला मुळीच आवडलेलं नाही, हे आधी सांगते.

आता माझं ऐक. मी मुलांना बाजरीत खडे, वाळूत लोखंडाचा कीस, पाण्यात मीठ असं मिसळायला लावलं आणि मग वेगळं करायला सांगितलं. निवडणं, चाळणं, चुंबक फिरवणं यात तुझी लेक सगळ्यांच्या पुढे. मीठ विरघळलं तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. ते पाणी ताटलीत ओतून उन्हात ठेवलं. पाणी उडून गेलं आणि ताटलीत पांढरे कण उरले, तर त्या ताटलीला तिने दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही. मला वाटलं, पोरीला विज्ञानाची गोडी लागली. मीही भरात येऊन वर्गाला सांगून बसले की युक्ती सापडली की मिसळलेलं सगळं वेगळं होतं. सगळं होत नाही रे. ते सांगायचं राहिलं.

तू तिला काही समजावत बसू नकोस. फक्त जवळ बस आणि विचार, वेगळं करून ती काय करणार होती. ती बोलेल ते शेवटपर्यंत ऐक.

ती सुट्टीला गेल्यापासून एका माणसापुरता कुकर लावायचाही कंटाळा येतो. तिला माझा पापा दे. स्वतःला सांभाळ, आणि खुशाली कळवत जा.

तुझी,
ताई

घोडेगाव
१० नोव्हेंबर

ती. ताईस,
सूरजचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. मुळं मी त्याच दिवशी घाईने झाकली होती; आता आधी आम्ही दोघांनी मिळून उरलेली चाळलेली माती बुंध्याशी लोटली, पाणी घातलं. रोप धरेल की नाही, सांगता येत नाही. मग तिथेच बसून विचारलं. मग खाली बघत म्हणाली, "आई हितं तुमच्याजवळ राहती. मी तिकडं आत्याकडं. मला निम्मी आई न्यायची व्हती."

अंजना गेल्यावर पोरीला तुझ्याकडे पाठवली, ती शिक्षणासाठी असं मी चार लोकांना सांगत आलो. खरं तर तिच्याकडे बघितलं की अंजना दिसायची आणि मला ते सोसत नव्हतं. आईपाठोपाठ मीही तिच्यापासून लांब झालो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ताई, सुट्टी संपल्यावर ती तिकडे येणार नाही. तिचा शाळेचा दाखला काढून ठेव, इथल्या शाळेत घालतो. वेणी घालायला शेजारच्या सखूबाई मला शिकवतायत, पहिली लई वाकडी झाली.

तिला हे सांगितलं, तर आधी गळ्यात पडली. मग जरा वेळाने विचारलं, आता आत्याजवळ कोण राहणार? रागावली नसशील, तर तूच येऊन तिला सांग.

तुझा,
सूरज