टरफलाची आतली बाजू

प्रिय खारूताई,

आधी आला तो तुमच्या प्रयोगशाळेतला ताडमाड मुलगा, तू जिराफ म्हणतेस तो. मान वाकवून आला तरी चौकटीला डोकं आपटलंच, आणि वर चौकटीलाच सॉरी म्हणाला. मी पाणी देतेय तोवर मागून तिथल्या तुझ्या मोठ्या बाई आल्या, जिना चढून धापा टाकत, तुझी निळी पेटी उराशी धरून. मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली. बिचारी दोघं निमूट प्यायली. घरात येऊन बसायचंच लोकांनी सोडलंय गं. दारातूनच विचारतात, कशी आहे ती, आणि मी तोंड उघडायच्या आत चपला घालतात. बाईंनी विचारलं, ती फोन उचलते का. म्हटलं, माझाही नाही उचलत. नातजावई उचलतो, झोपलीय म्हणतो. भरदुपारी. किती झोपशील?

बाई बसल्या त्याच टेबलापाशी तू काचेवर चिकटवलेला तो तुकडा घासत बसायचीस, पार उजेड आरपार जाईस्तोवर. पुढे पुढे टेबलाला पोट लागायचं म्हणून तिरकी बसायचीस. मी म्हणायची, सोन्यासारखे दिवस दगड घासण्यात घालव. तू म्हणायचीस, आजी, दगड नाही, डायनासोरच्या अंड्याचं टरफल आहे. आतलं पिल्लू बहुधा सापडतच नाही, मग टरफलाची बांधणी बघूनच अंड्याची जात ठरवायची. एकदा मला घेऊन गेलीस आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावलास. आत जणू हातपंखे उघडून एकाला एक खेटून उभे केलेले, मधून हवेची बारीक भोकं. मी म्हटलं, कोबी चिरलाय की कुणीतरी. किती हसलीस. पोटावर हात धरून हसलीस.

तर बाई काय सांगायला आल्या होत्या ते ऐक. एकाच खाणीतल्या टरफलांचे तू पेटीत दोन कप्पे केलेस, दोन जाती म्हणून. एका कप्प्यातल्यांना आतल्या अंगाला टोकं. दुसऱ्यातली बोथट, खळगे पडलेली, जराशी पातळ. बाई म्हणाल्या, जाती दोन नाहीत, एकच आहे. आणि चूक तिची एकटीची नाही, मीही मान डोलावली होती. जिराफ म्हणाला, मी तर पैजही लावली होती. बोथट टरफलांची टोकं आतल्या पिल्लानं झिजवलीत म्हणे. आत जीव वाढायला लागला की हाडं बांधायला चुना टरफलातूनच घेतो. मी विचारलं, मग बाहेर आलं का ते. बाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, ही अंडी बंदच सापडलीत, गाळाखाली गेली असणार. पण हाडं धरेपर्यंत ते होतं, आजी, एवढं नक्की.

ते गेल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच. सातव्या महिन्यात तुझी दाढ तुटली, आठवतं? पोटऱ्यांत गोळे यायचे, मी तेल चोळत बसायची. तू म्हणायचीस, हा माझी हाडं खातोय आजी, खाऊ दे. मग दवाखान्यातून रिकाम्या हातांनी आलीस. सगळ्यांनी एकच लावलं, जगात आलंच नाही असं समज. सासूबाईंनी टोपडीसुद्धा बांधून देऊन टाकली. तू तेव्हापासून गप्प. कसं नव्हतं? त्या तुटक्या दाढेवरून जीभ फिरव. टिल्लू होता. तू पोटावर हात ठेवून हाक मारायचीस, तेच नाव लिहितेय; बाकी कुणी घेत नाही. पेटी बाई परत घेऊन गेल्या. म्हणाल्या, दोन कप्प्यांमधली पट्टी तिनंच काढायची, आम्ही हात लावणार नाही. तू ये. बोलू नकोस हवं तर. टेबल पुसून ठेवलंय, खुर्ची अजून तिरकीच आहे. दोघं पेटी घेऊन पुन्हा येणार आहेत, रविवारी, चार वाजता.

तुझीच,
आजी