पाळण्याला हात लावायचा नाही

४ ऑक्टोबर

वजनकाट्यावर आज बऱ्याच जणी चढल्या. जाड बाया दोनदा चढतात. आधी कोट घालून, मग कोट काढून. पैसे दोन्ही वेळचे घेतले.

कांदेवाला म्हणतो, "काकीश आपा, तुमचा नक्की धंदा तरी कोणता? सकाळी काटा, दुपारी बसवाल्यांना सुक्या दह्याचं कुरुत, संध्याकाळी दाणे टाकून नशीब सांगता."

म्हटलं, "गिऱ्हाईक येईल तो."

हसला. हसू दे. त्याचे कांदे सडले की तो रडत बसतो. माझं एक सडलं तर दुसरं आहे.

५ ऑक्टोबर

कुरुत वाळायला टाकलं होतं, कावळ्यांनी निम्मं नेलं. घरमालकीण बुरुलचा खिडकीतून बघत होती. तिच्याच घराच्या मागच्या खोलीत मी राहते. म्हटलं, हाकललं का नाहीस? म्हणाली, "मला वाटलं तू त्यांनाही विकतेस." म्हातारी उठून चार पावलं चालली तर धापा टाकते, पण जीभ धडधाकट!

महिन्याचं भाडं मागायला आली. चहा प्यायली, लोणी-पाव खाल्ला, भाडं विसरून गेली. दर महिन्याचं आहे हे. मीच उद्या नेऊन देईन.

८ ऑक्टोबर

शहरातून एक बाई दाणे बघायला आली होती. सगळं ऐकून झाल्यावर विचारते, आपा, तुमचं स्वतःचं घर कसं गेलं? दाण्यांत दिसलं नाही?

लोकांना हेच ऐकायचं असतं. लेकानं, सुयुननं, ट्रकसाठी घर गहाण टाकलं. ट्रक दरीत गेला. घर बँकेत गेलं. लेक आणि सून रशियात गेली, तो बर्फ उपसतो, ती जिने पुसते. संपलं. यात रडण्यासारखं काय? रडायचे मी पैसे घेते.

तिच्याकडून दुप्पट घेतले. आगाऊपणाचे.

११ ऑक्टोबर

आज मयताला गेले होते. मोठं घर. लेकी शहरातून आल्या, काळे चष्मे लावून. लोकरीच्या नमद्याच्या तंबूत बापाजवळ बसल्या आणि गप्प! एकीनं "बाबा" म्हटलं, पुढे काय म्हणायचं ते तिला येईना. मग मीच सुरू झाले. बापाचे घोडे, बापाची टोपी, बापाचा राग, सगळं हेल काढून सांगितलं. तेव्हा कुठे पोरींना रडू फुटलं.

निघताना थोरलीनं कोपऱ्यात नेऊन पाकीट माझ्या बाहीत कोंबलं. लाच दिल्यासारखं! म्हटलं, "उघड दे ग. मी काय चोरी केली?" पूर्वी रडणारीला कापड द्यायचे म्हणे. कापड काय शिजवून खाऊ?

१४ ऑक्टोबर

विहीणबाई आल्या होत्या. झुराकान. माझी नात कुंदुझ त्यांच्या धाकट्याला दिलीय. पोरीचे दिवस भरत आलेत. बाजारात काट्यासमोर उभ्या राहिल्या, वर चढल्या नाहीत.

"एक बोलायचंय. राग मानू नका."

"राग यायचा तर येईल. बोला."

"पाळणा तुमच्याकडून यायचा, ती रीतच आहे. पण बाळाला पहिल्यांदा पाळण्यात बांधायला मी तोक्तोबुबूला सांगितलंय. अकरा मुलं तिला, सगळी जगली. स्वतःचं घर आहे."

"आणि माझे हात झिजले का?"

"तसं नाही हो. पण तुम्ही मढ्याशेजारी बसून येता. पैसे घेऊन. त्यात तुमचं नशीब..." पुढचं गिळलं. गिळलं तरी मला ऐकू आलं.

म्हटलं, "बाळाला बांधताना काय म्हणतात? 'माझा हात नव्हे, लेकरं राखणाऱ्या उमाय आईचा हात.' तुम्हीही म्हटलंत, मीही म्हटलं. मग हात उमाय आईचा असेल तर माझ्या तोंडानं कुठे काय केलं याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

बायका जमल्या होत्या, कांदेवालाही मान लांब करून ऐकत होता. शेवटी म्हणाल्या, "बरं. पाळण्याच्या दिवसापर्यंत कुणाच्या मयताला रडायचं नाही. कबूल असेल तर तुम्हीच बांधा. रडलात तर पाळण्याला हात लावायचा नाही."

कबूल म्हटलं. कुंदुझ आठवड्याची होती तेव्हा तिला मीच बांधलं. तिच्या लेकराला कुणी तोक्तोबुबू बांधणार? अकरा मुलं झाली ती काही बोटांनी झाली नाहीत.

१९ ऑक्टोबर

खानावळवाला गेला. मोटार घेऊन माणसं न्यायला आली. "आपा, चला, तुमच्याशिवाय शोभा नाही." म्हटलं, घसा बसलाय. इतक्या मोठ्यानं म्हटलं की ड्रायव्हर हसला.

चांगले पैसे मिळाले असते. त्याऐवजी एका लग्नघरी मेंढ्यांची आतडी धुतली. बर्फासारखं पाणी, बोटं लाकडासारखी झाली. हाताला अजून वास येतोय. हा वास बाळाला चालतो म्हणे. रडणं चालत नाही!

२४ ऑक्टोबर

मुलगी झाली. दोघी धड आहेत. पाळण्याचा दिवस दोन नोव्हेंबर ठरला.

२६ ऑक्टोबर

माळ्यावरून पाळणा काढला. बँकेच्या माणसांनी कपाट नेलं, गालिचे नेले, शिवणयंत्र नेलं. पाळणा तसाच सोडला, जुनं लाकूड म्हणून. गाढव लेकाचे! सुयुन यात झोपला, कुंदुझ झोपली. घासूनपुसून तेल लावलं. बांधायचे पट्टे नवे शिवले, लाल.

बुरुलचा पलंगावरून बघत होती. "मला कधी बांधू दिलं नाही कुणी," म्हणाली. मूल नव्हतं ना तिला, कोण बोलावणार. मग लगेच म्हणते, "बरंच झालं. गाठ सैल बसली असती, पोरं पळून गेली असती."

३० ऑक्टोबर

सकाळी चहा घेऊन गेले. बुरुलचा उठली नाही.

३१ ऑक्टोबर

पुतण्या आला, अंगणात तंबू उभा केला. चांगला आहे पोरगा, पण चुलतीला वर्षातून एकदा बघणारा. तिला आत ठेवली. बायका जमल्या, तंबूच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या, रीतीप्रमाणे. आणि गप्प! सुई पडली तर ऐकू येईल. लेक नाही, बहीण नाही. जी ती दुसरीच्या पाठीकडे बघतेय, आता ही सुरू करेल, मग ती. बाहेर पुरुष "हाय माझे आई" म्हणत येताहेत आणि आतून उत्तर नाही.

झुराकान माझ्या समोरच बसल्या होत्या. वळून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. दोघींना ठाऊक होतं परवा काय आहे ते.

मी ओठ आवळून बसले. खरंच बसले. पण मेंढी कापतात तीसुद्धा ओरडून जाते हो! आणि ही बाई मुकाट जाणार?

काढला आवाज.

"ऊठ ग बुरुलचा, उन्हं आली दारी,
कुरुतावर कावळे, कोण बघेल ग खिडकीतून,
भाडं मागायला यायचीस, चहा पिऊन जायचीस,
भाडं हातात घेऊन उभी मी, दार कुणाचं वाजवू..."

कसं सुचलं माहीत नाही. तिच्याकडे घोडे नव्हते, टोपी नव्हती, लेकरं नव्हती. जे होतं तेच सांगितलं. मग एक बाई रडली, मग सगळ्या. तंबू हलला. तरुण मुल्ला दारातून म्हणाला, आपा, आवाज जरा खाली. म्हटलं, "तुझ्या आजीला मीच रडले, तेव्हा तू खाऊ खात होतास. जा तिकडे."

फुकट रडले. लिहून ठेवते. नाहीतर उद्या म्हणतील, पैसे घेतले.

झुराकान न जेवता गेल्या.

१ नोव्हेंबर

निरोप आला. पाळणा पाठवून द्या, तुम्ही येऊ नका.

परत निरोप पाठवला. पाळणा येईल तर माझ्यासकट. नाहीतर लेकराला बटाट्याच्या खोक्यात बांधा!

सुयुनचा रशियातून फोन. "आई, माफी माग ना. काय जातं तुझं?" म्हटलं, तू बर्फ उपस. कुंदुझचा फोन, नुसती हुंदके देते. म्हटलं, रडू नको, दूध आटेल. रडायचं काम माझ्याकडे आहे.

पुतण्या म्हणतो, खोलीत राहा, भाडं तेवढंच. बरं म्हटलं. हा काही चहावर विसरणारा दिसत नाही.

२ नोव्हेंबर

आज पाळण्याचा दिवस. मी काटा घेऊन बाजारात. कडाक्याची थंडी, कुणी कोट काढेना. एकटीच काट्यावर चढून बघितलं. उतरले.

३ नोव्हेंबर

दार वाजलं. झुराकान! छातीशी बाळ, मागे कुंदुझ. काल तोक्तोबुबू आली, जेवली आणि परत गेली. पाळणाच नव्हता, बांधणार कशात?

झुराकान बसल्या नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मला चार मुलगे. लेक एकही नाही. सुना मयतातसुद्धा फोन बघतात. त्या दिवशी तंबूत बसले आणि एकच मनात आलं. माझ्या वेळी कोण रडेल?"

म्हटलं, "मी रडेन. पण पैसे आधी. मेल्यावर तुमच्याकडे कुठे मागायला येऊ?"

"तुम्ही माझ्याहून मोठ्या. आधी गेलात तर?"

"तर बुडाले समजा."

बटवा काढलाच बाईनं! घेतले. हात धुतले. लेकराला बांधलं.